अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत माझी सगळी वकिली गेली, पण खुनाचा खटला मी एकही चालवला नाही. त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादकांनी "वकिलीतले थरारक अनुभव लिहा" असा फोन केला, तेव्हा मी त्यांना आधीच सावध केलं. माझ्याकडे आरोपी यायचे नाहीत. माझ्याकडे यायचे अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि विश्वस्त. त्यांच्यापेक्षा आरोपी परवडले. आरोपीला निदान आपलं काहीतरी चुकलंय अशी शंका तरी असते.

शिक्षण संस्था, वाचनालयं, देवस्थानं, पाण्याच्या समित्या. थोडक्यात, जिथे चार माणसं टेबलाभोवती बसून पाचव्याच्या भल्याचं ठरवतात, तिथे त्यांनी कायद्याने कसं वागावं हे सांगणं हा माझा धंदा. सभा कशी बोलवायची, नोटीस किती आधी द्यायची, ठराव कुणी मांडायचा, कुणी अनुमोदन द्यायचं. मुख्याध्यापकाला काढायचं असेल तर आधी रीतसर चौकशी करावी लागते, आणि चौकशी म्हणजे त्याच्या सासुरवाडीला फोन करून माहिती काढणं नव्हे. हे सगळं मी शांतपणे सांगायचे. समोरचे शांतपणे ऐकायचे, माझ्यासाठी नारळपाणी मागवायचे, आणि घरी जाऊन जे करायचं तेच करायचे.

प्रत्येक संस्थेची एक घटना असते. संस्थापकांनी मोठ्या हौसेने छापून घेतलेली पुस्तिका. संस्था कशी चालवायची ते तिच्यात लिहिलेलं असतं, म्हणून नवी संस्था आली की मी आधी घटना मागायचे.

"आहे ना. कपाटात आहे."

"वाचलीय का?"

"वाचायची काय गरज, बाई? आमच्याकडे सगळं पद्धतीप्रमाणे चालतं."

पद्धत. या एका शब्दावर माझं घर चाललं. माणसं घटनेप्रमाणे वागली असती तर मला दुसरा धंदा शोधावा लागला असता.

पद्धत म्हणजे काय ते कळावं म्हणून रोह्याची गोष्ट सांगते. तिथल्या एका वाचनालयाचे अध्यक्ष दरवर्षी वार्षिक सभेत राजीनामा द्यायचे. लेखी, सहीनिशी. "तब्येत साथ देत नाही, तरुणांनी पुढे यावं," वगैरे. मग सगळे उठून "नाही नाही साहेब, तुमच्याशिवाय वाचनालय पोरकं होईल" म्हणायचे, साहेबांचे डोळे भरून यायचे, राजीनामा खिशात परत जायचा, आणि मग बटाटेवडे यायचे. एका वर्षी धाटावच्या कंपनीत बदलून आलेला एक नवा सभासद शिफ्ट संपवून थेट सभेला आला. त्याला पद्धत कुणी सांगितली नव्हती. तो उभा राहून अगदी कळकळीने म्हणाला, "साहेबांची तब्येत बरी नसेल तर आपण आग्रह करणं बरोबर नाही. राजीनामा मंजूर करावा, अशी सूचना मी मांडतो." साहेबांचा हात राजीनामा परत घ्यायला पुढे आलेला होता. आणि मागून एक आवाज आला, "अनुमोदन." हा मागचा माणूस बहुधा बरीच वर्षं वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या ऑफिसात.

"बाई, तो राजीनामा मनापासून नव्हता."

"सही मनापासून आहे का?"

"सही माझीच आहे. पण आमच्याकडे पद्धत आहे तशी!"

मी त्यांना सांगितलं की कायदा कागद वाचतो, मन वाचत नाही. ते फार दुखावले. पुढे निवडणूक लढवून ते पुन्हा अध्यक्ष झाले, पण त्यानंतर त्यांची तब्येत कायमची ठणठणीत राहिली.

ही झाली गंमत. पण सगळ्या पद्धतींत माझ्या डोक्यात जाणारी पद्धत वेगळीच होती, आणि खरं म्हणजे तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

तुमच्यापैकी कुणाला कधी एखाद्या संस्थेच्या सभेची नोटीस आली असेल तर तिच्या तळाशी एक टीप पाहिली असेल. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी त्याच विषयांवर सभा घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' गणपूर्ती म्हणजे सभा खरी ठरायला लागणारी किमान हजेरी. ज्याने ही तरतूद पहिल्यांदा लिहिली तो भला माणूस असणार. पाऊस आला, एसटी चुकली, माणसं कमी पडली, तर काम अडू नये म्हणून केलेली ही सोय होती. आमच्या लोकांनी त्या सोयीचं काय केलं? पहिली सभा बंदच करून टाकली. अकराची नोटीस काढायची, अकरा वाजता सगळ्यांनी समोरच्या टपरीवर चहा प्यायचा, आणि साडेअकराला आत जायचं. मग सात माणसं असली तरी चालतात, आणि ती सातच असलेली बरी.

ज्या संस्थेबद्दल मी सांगतेय तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले चौघं मला नोटीस पाठवतील, आणि त्या नोटिशीतल्या चुका मलाच दुरुस्त करून द्याव्या लागतील. संस्थेची मोठी शाळा पेण शहरात, आणि दुसरी छोटी, आठवी ते दहावीची, गडबच्या अलीकडे हायवे सोडून खाडीकडे वळलं की खारातल्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून मिळवलेल्या जमिनीतल्या, एका गावात. मी त्या संस्थेची कायदेविषयक सल्लागार. अध्यक्ष दादासाहेब. घरची शेती पूर्वी पुष्कळ, आता घरात दोन डॉक्टर आणि एक इंजिनिअर. शेती फक्त त्यांच्या आवाजात उरलेली. कार्यवाह जोशी सर, निवृत्त मुख्याध्यापक. जोशी सर इतके व्यवस्थित की सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी टाइप करून ठेवायचे. 'साधकबाधक चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर' हे वाक्य त्यांनी कंप्युटरमध्ये कायमचं साठवून ठेवलं होतं.

या संस्थेतली टपरीची शिस्त मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. सभा पेणच्या शाळेत व्हायची, आणि समोरच्या टपरीच्या बाजूला गणपतीचा कारखाना. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे अर्धवट रंगवलेले गणपती ओळीने बसलेले आणि त्यांच्या शेजारी कार्यकारिणी चहा पीत उभी. एकदा एक नवे सभासद, बँकेतून निवृत्त झालेले, बरोबर अकराला जाऊन सभागृहात बसले. जोशी सर टपरीवरून धावत आले. "अहो, बाहेर या, बाहेर या! असे एकेक जण बसायला लागले तर गणपूर्ती होईल!" ते बिचारे उठून चहाला आले.

मी मात्र दरवर्षी अकराला आत जाऊन बसायचे. हट्टाने. आणि दरवर्षी शिपाई तुकारामकडून टपरीवर निरोप पाठवायचे, की सभा तहकूब झाली हे सांगायला तरी कुणी पदाधिकारी आत असला पाहिजे. दादासाहेब तो निरोप हसण्यावारी न्यायचे. "बाईंना चहा पाठव," म्हणायचे. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "दादासाहेब, मी तुमची वकील नाही. संस्थेची वकील आहे." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग तो विषय आला. पेणच्या शाळेतली मुलं इंग्रजी शाळांकडे जायला लागली होती, पट घसरला होता, तुकड्या बंद व्हायची वेळ आली होती. तुकडी गेली की शिक्षकांच्या जागा जातात, आणि त्यांतल्या दोन जागांवर कार्यकारिणीच्याच सुना होत्या. उपाय जोशी सरांनी काढला: खारातली शाळा बंद करून तिथली मुलं पेणला आणायची. 'बंद' हा शब्द अर्थात कुठे नव्हता. विषयपत्रिकेवर लिहिलं होतं, 'ग्रामीण शाखेचे समायोजन करणेबाबत'. गावातल्या शाळेची जागा हायवेपासून फार लांब नाही, हेही कुणीतरी सहज बोलून दाखवलं. दादासाहेब म्हणाले, "जागेचा विचार नंतर करू." म्हणजे तो झालेला होता.

मी सल्ला दिला तो असा. शाळा बंद करायचा अधिकार कार्यकारिणीला नाही, सर्वसाधारण सभेला आहे. त्या शाळेसाठी गावाने जागा दिली, घराघरातल्या माणसांनी दगड वाहून भिंती उभ्या केल्या, म्हणून घटनेत गावातल्या घरटी एकाला सभासदत्व दिलेलं आहे. त्या सगळ्यांना नोटीस हातात मिळाली पाहिजे आणि पोच घेतली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांमध्ये नोटीस टाकून चालणार नाही.

"द्या हो, खुशाल द्या," दादासाहेब म्हणाले. "आजवर कधी आलेत का ते?"

हे खरं होतं. कधी आले नव्हते. अहवालवाचन आणि आभारप्रदर्शन ऐकायला एक दिवसाची मजुरी बुडवून कोण येईल? आणि ते येत नसत म्हणूनच पहिल्या सभेची गणपूर्ती कधी होत नसे. सगळं एकमेकांत छान बसलेलं होतं.

तुकारामने मोटारसायकलवरून गावभर नोटिसा वाटल्या. त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या ऑफिसात एक बाई आल्या. चाळिशीच्या आसपास, उन्हाने रापलेल्या, छत्रीतलं पाणी दारात झटकून मगच आत आलेल्या. रंजना म्हात्रे. उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर मिठागरात कामाला, पावसाळ्यात भातशेती. धाकटी मुलगी सायली गावातल्या शाळेत नववीत. मोठी मुलगी आधी पेणलाच घातली होती. भरतीचं पाणी बांधावरच्या रस्त्यावर चढलं की टमटम बंद, टमटम बंद की एसटी चुकते, एसटी चुकली की शाळा बुडते. असं करत करत एक दिवस ती घरीच बसली, आणि मग तिचं लग्न झालं. हे सगळं रंजनाबाईंनी एका दमात सांगितलं, आणि मग नोटीस टेबलावर ठेवली.

"वकीलबाई, हितं अकरा लिवलंय. अकरा म्हंजे अकराच ना?"

"मी संस्थेची वकील आहे, बाई. मला तुम्हाला सल्ला देता येत नाही."

"सल्ला कोन मागतंय? मी टाइम इचारतेय."

"कागदावर अकराच आहे."

"न् ही खालची वळ? अर्ध्या तासाने त्याच ठिकानी?"

"ती पुरेशी माणसं आली नाहीत तर."

"न् आली तर?"

"तर त्या ओळीचं काही काम नाही."

"बास," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दुपारी पानी मोठं हाय. एकच्या पुढं बांधाव जाता येत नाय. अकराला चालू झाली तर आमी आटपून जाऊ. उशीर केलाव तर आमाला मधीच उठावं लागंल, न् मंग तुमी आमच्या मागं काय ते ठरवाल. म्हनून इचारलं."

नोटिशीची घडी करून त्या उठल्या. त्या गेल्यावर खुर्चीच्या पायाशी छत्रीचं थोडं पाणी राहिलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. इतकी वर्षं मी नोटिशीचा अर्थ पदवीधरांना समजावत होते. कागदावर अकरा लिहिलंय म्हणजे अकरा का, असं मला त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं.

सभेच्या दिवशी रविवार, रिमझिम पाऊस. मी पावणेअकराला आत जाऊन बसले. टपरीवर कार्यकारिणी जमली होती. अकराला पाच मिनिटं असताना शाळेच्या मागच्या फाटकाशी दोन टेम्पो थांबले. पुढच्या बाजूला टपरीवरच्यांना ते दिसलेच नाहीत. बायका, म्हातारे, बाप्ये, सगळे उतरून दारात ओळीने चपला काढून आत आले आणि खाली बसले. खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यावर बसा म्हटलं तेव्हा उठून खुर्च्यांवर बसले. शाळेच्या घड्याळात अकरा वाजले. मी माणसं मोजली. मग चष्मा पुसून परत मोजली. गणपूर्ती झाली होती. त्या संस्थेच्या सभागृहात अकरा वाजता गणपूर्ती मी प्रथमच पाहत होते.

मी तुकारामला पाठवलं. "अध्यक्षांना सांग, गणपूर्ती झालीय, ताबडतोब आत या."

तो परत आला. "साहेब बोलले, बाईंना सांग, दरवर्षीची मस्करी पुरे. चहा पाठवतो."

"परत जा. सांग, मस्करी नाही. सभागृह भरलंय."

तो पुन्हा गेला आणि या वेळी चहा घेऊनच आला. "साहेब बोलले, साडेअकराला भेटू."

समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "अध्यक्ष कुठं हायत?"

"चहा पितायत."

"मंग आमी काय करायचं? पानी काय त्यांच्या चहासाटी थांबनार नाय."

आता इथे माझी खरी परीक्षा होती. या लोकांना सल्ला द्यायचा नाही, हे मी रंजनाबाईंना बजावलं होतं. पण त्या दिवशी मला प्रश्न एक बाई विचारत नव्हती, सभा विचारत होती. आणि रीतसर नोटिशीने बोलावलेली, गणपूर्ती झालेली सर्वसाधारण सभा म्हणजेच संस्था. ज्या संस्थेची मी वकील म्हणवत होते ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसली होती, ओल्या पदराने. मी उभी राहिले आणि घटनेतलं कलम वाचून दाखवलं: नियोजित वेळी अध्यक्ष उपस्थित नसतील तर हजर सभासदांनी आपल्यातून एकाची अध्यक्ष म्हणून निवड करावी.

"बस गो रंजना," मागून एक म्हातारी म्हणाली. "तूच पेनला चकरा मारल्यास."

रंजनाबाई अध्यक्षांच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीच्या पाठीवर दादासाहेबांचा पांढरा टॉवेल कायम घातलेला असायचा. त्यांनी तो काढून नीट घडी करून टेबलावर ठेवला. गावातली एक बी.कॉम. झालेली सून इतिवृत्त लिहायला बसली. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. सुनेने ते मोठ्याने वाचलं. 'सर्व सभासदांनी चर्चेत उत्स्फूर्तपणे भाग घेतला.'

"आमी कवा घेतला?" म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"आपन नवतोच."

"मंग खरं कसं बोलायचं ह्याला?"

रंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरोबर वाटत नसेल तर कायम करू नये. त्यांनी कायम केलं नाही. जोशी सरांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या लिखाणाला मिळालेला हा पहिलाच अभिप्राय असावा.

मग समायोजनाचा विषय. सुनेने तो वाचला. कुणालाच अर्थ कळेना.

"म्हंजे शाला बंद," रंजनाबाई म्हणाल्या. "माझं म्हायेर गावातलंच. मी सातवीत होते तवा ही शाला नवती, म्हनून मी सातवीवर ऱ्हायले. नंतर सासऱ्याने दगड वाहिले, तुमीपन वाहिलेत. आता माझी पोर नववीत हाय. तिला मी घरी बसवनार नाय. कोनाला काय बोलायचं हाय?"

विरोधात कोण, एवढंच मग त्यांनी विचारलं. हात वर झाले. ठराव नामंजूर. एकमताने, आणि या वेळी 'एकमताने' हा शब्द खरा होता. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. त्यात भारी काही घेता येत नाही, हे मी सांगितलं. तेव्हा ते म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "भारी नाय. एवढंच, की पुढल्या सालची सभा आपल्या शालेत घ्या. आमी हितं आलो, त्यांनी तिथं यावं." तेही मंजूर झालं.

साडेअकराला कार्यकारिणी आत आली. दादासाहेब पुढे, हातात बिस्किटाचा उघडा पुडा. समोर माणसं उठत होती, बायका चपला शोधत होत्या.

"हे काय चाललंय?"

"सभा झाली," रंजनाबाई म्हणाल्या. "तुमचा टावेल टेबलाव हाय."

दादासाहेब माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद. "बाई, पहिली सभा कधी होत नसते!"

"घटनेत तीच सभा आहे, दादासाहेब. दुसरी फक्त ती झाली नाही तर."

"संस्थापकांपासून पद्धत आहे आपली!"

"मी दोनदा निरोप पाठवला होता."

"तुम्ही वकील कुणाच्या? आमच्या की त्यांच्या?"

"संस्थेची."

"संस्था म्हणजे आम्ही!"

"चहाला जाईपर्यंत होतात," मी म्हटलं. "आत्ता संस्था ती तिकडे टेम्पोत चढतेय."

हे मी बोलायला नको होतं असं माझ्या यजमानांचं मत पडलं. मला मात्र ते वाक्य अजूनही आवडतं.

दादासाहेबांनी अलिबागला दुसऱ्या वकिलांचा सल्ला घेतला. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त नम्रपणे. मग मला सल्लागारपदावरून दूर करण्यासाठी कार्यकारिणीची बैठक बोलावण्यात आली. ती गणपूर्तीअभावी तहकूब झाली, कारण सवयीने सगळे टपरीवर होते. पण या वेळी तहकुबी जाहीर करायला जोशी सर स्वतः आत बसले होते, आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी मला रीतसर काढण्यात आलं. त्या ठरावाची प्रत मी बारकाईने तपासली. एकही चूक नव्हती. शेवटी का होईना, ते माझं ऐकायला लागले होते.

तेवढ्यावर थांबले असते तर ते दादासाहेब कसले. पुढच्या वर्षीच्या नोटिशीत समायोजनाचा विषय पुन्हा होता. ठिकाण मात्र ठरावाप्रमाणे गावातली शाळा ठेवावं लागलं. दिवस रविवारचा, वेळ जोशी सरांनी सवयीने छापली, सकाळी अकरा. त्यांनी कॅलेंडरमध्ये सुट्टी पाहिली. त्याच चौकटीत पौर्णिमाही छापलेली होती, ती कशाला पाहायची? पेणच्या घरात पौर्णिमेला फार तर सत्यनारायण असतो. खारात पौर्णिमेला उधाण असतं, आणि सकाळी अकराच्या सुमाराला ते बांधावर चढायला लागतं. या खेपेला दादासाहेबांनी पेणहून आपली माणसंही भरपूर जमवली होती. हात मोजायची वेळ आली तर कमी पडू नयेत, एवढी.

रंजनाबाईंनी मला बोलावलं होतं. मी दहालाच टमटमने गेले आणि जमलेल्या सभासदांची परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसले. वर्ग माणसांनी भरलेला. दादासाहेब साडेदहाला आले, एकटे, गाडीने. एकदा पोळलेला माणूस. वेळ त्यांना आता कळली होती. बाकीचे मागून येतायत म्हणाले. ती मंडळी येताना गडबच्या नाक्यावर चहाला थांबली होती.

अकरा वाजले. गणपूर्ती होती. दादासाहेबांनी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. मला त्यांची खरंच थोडी दया आली.

"बाई, अर्धा तास थांबता येईल ना? माझी माणसं वाटेत आहेत."

"मी आता सल्लागार नाही, दादासाहेब. तुमच्याच ठरावाने. सभेला विचारा."

त्यांनी सभेला विचारलं. त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. रंजनाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीतून बांध दिसत होता. बांधाच्या पलीकडच्या टोकाला चार-पाच गाड्या उभ्या होत्या आणि माणसं खाली उतरून पाण्याकडे बघत होती. जोशी सर चपला हातात घेऊन दोन पावलं पाण्यात आले, आणि परत मागे गेले.

"पानी थांबत आसंल तर आमी पन थांबतो," रंजनाबाई म्हणाल्या.

दादासाहेबांनी विषयपत्रिका पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली. समायोजनाचा विषय आला तेव्हा बाजूने एकच हात वर गेला, अध्यक्षांचा, आणि तोही खांद्याच्या वर गेला नाही. आभारप्रदर्शन झालं. मग दहावीत गेलेली सायली ट्रे घेऊन आत आली, आणि सगळ्यांनी आतच बसून चहा घेतला.